दुसऱ्याच्या नावाचा कागद

१९४० च्या उन्हाळ्यात पॅरिस पडलं आणि माणसांचा लोंढा दक्षिणेकडे वाहत मार्सेयच्या बंदराशी येऊन थांबला. पुढे समुद्र, मागे जर्मन फौज. या शहरात राहायचं तर पोलिसांना आधी एक गोष्ट पटवून द्यावी लागे, की आपल्याला इथे राहायचं नाही. निघण्याच्या तयारीचा पुरावा दाखवायचा आणि त्या बळावर थोड्या दिवसांचा परवाना मिळवायचा. पुरावा म्हणजे जिथे जायचं त्या देशाचा व्हिसा, वाटेत लागणाऱ्या देशांचे ट्रान्झिट व्हिसा, जहाजाचं तिकीट, आणि सरतेशेवटी फ्रान्समधून बाहेर पडण्याची परवानगी. प्रत्येक कागदाला मुदत. शेवटचा हाती येईपर्यंत पहिल्याची मुदत उलटून गेलेली असे, की पुन्हा पहिल्या खिडकीपासून सुरुवात.

आना सेगर्सची ‘ट्रान्झिट’ ही कादंबरी या खिडक्यांसमोरच्या रांगांत घडते. निवेदकाचं खरं नाव आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. जर्मन छळछावणीतून तो पळालेला आहे, नंतर फ्रेंच श्रमछावणीतूनही निसटलेला. त्याच्या खिशात सायडलर नावाच्या कुणा भलत्याच माणसाचे कागद आहेत आणि हातात वायडेल नावाच्या लेखकाची सुटकेस. वायडेलनं पॅरिसच्या हॉटेलात आत्महत्या केलीय, पण मेक्सिकोच्या वकिलातीला ते ठाऊक नाही. तिथे त्याच्या नावाचा व्हिसा येऊन पडलाय. सुटकेस द्यायला गेलेल्या निवेदकालाच वकिलातीतले लोक वायडेल समजतात आणि तोही त्यांना फारसं अडवत नाही. इकडे वायडेलची बायको मारी नवऱ्याला शोधत कॅफे पालथे घालते आहे, कारण ज्या त्या वकिलातीत तिला सांगतात की ते तर नुकतेच येऊन गेले. मेलेला माणूस असा दप्तरात जिवंत फिरत राहतो. वाद्यवृंदाचा एक वृद्ध संचालक कागदामागून कागद जमवत व्हेनेझुएलाच्या नोकरीपर्यंत पोचत येतो आणि या फेऱ्यांतच मरतो. सेगर्स हे सगळं कोरड्या, जवळजवळ चेष्टेखोर सुरात सांगते. आपण हसतो आणि हसल्याचं आपल्याला बरं वाटत नाही.

तिला हे ऐकून कळलेलं नव्हतं. १९०० साली माइन्झमधल्या ज्यू घरात नेटी राइलिंग म्हणून ती जन्मली. सेगर्स हे आडनाव तिनं सतराव्या शतकातल्या एका डच चित्रकाराकडून उचललेलं, म्हणजे लेखिका म्हणून तीही उसन्या नावानंच वावरली. १९३३ मध्ये ती जर्मनीतून फ्रान्सला पळाली. १९४० मध्ये नवरा ल व्हर्नेच्या छावणीत आणि पदरात दोन मुलं, अशा अवस्थेत तिनं पॅरिस सोडलं. मार्सेयहून १९४१ च्या मार्चमध्ये सुटलेल्या जहाजावर तिला जागा मिळाली. त्याच जहाजावर मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्त्रोस होते, कवी आंद्रे ब्रतों होता. मार्टिनिक, न्यूयॉर्कचं एलिस आयलंड आणि मग मेक्सिको, असा तो प्रवास झाला. मागे राहिलेल्या तिच्या आईला १९४२ मध्ये पोलंडमधल्या पियास्कीला धाडण्यात आलं. ती परतली नाही. ‘ट्रान्झिट’ १९४४ मध्ये आधी परभाषांत छापली गेली. मूळ जर्मन पुस्तक यायला १९४८ उजाडलं.

जुन्या अभिजात कादंबऱ्यांतली सक्तीची स्थलांतरं आणि आजच्या निर्वासितांचे अनुभव शेजारी ठेवून वाचणाऱ्या या लेखसंग्रहाची प्रस्तावना लिहायला बसलो तेव्हा सेगर्सपासून सुरुवात करण्याचं एक कारण होतं. अशा वाचनात आपण फार लवकर एका वाक्यापाशी येऊन विसावतो: काहीच बदललेलं नाही. हे वाक्य सहृदय वाटतं आणि विचार करण्याचे कष्ट वाचवतं. ख्रिस्तियान पेट्झोल्ड या जर्मन दिग्दर्शकानं २०१८ मध्ये ‘ट्रान्झिट’वर चित्रपट केला. त्यात कथा १९४० च्या दशकातली ठेवली, पण रस्ते, मोटारी आणि पोलिसांचे गणवेश आजच्या मार्सेयचे. युक्ती विलक्षण साधली आहे. दोन काळ एकमेकांवर असे बसतात की सांधा दिसत नाही. पण पडद्यावर जे बेमालूम बसलं ते वस्तुस्थितीत बसत नाही, आणि जिथे बसत नाही तीच जागा मला जास्त बोलकी वाटते.

सेगर्सच्या कथानकाचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे. त्या काळात माणूस आणि त्याचा कागद वेगळे करता येत होते. एकाचा कागद दुसऱ्याच्या खिशात गेला की दुसरा पहिला होऊ शकत असे. हजारो लोकांचे जीव याच फटीतून वाचले. मार्सेयमध्ये व्हॅरियन फ्राय या अमेरिकन पत्रकाराच्या मदतकार्यात कायदेशीर व्हिशांच्या बरोबरीनं बनावट कागदही होते, आणि आज त्याबद्दल त्याला कुणी नावं ठेवत नाही. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारातलं ३१ वं कलम तर सांगतं, की जिथे जिवाला धोका होता तिथून थेट आलेल्या आणि विनाविलंब अधिकाऱ्यांपुढे हजर झालेल्या निर्वासिताला बेकायदा प्रवेशाबद्दल शिक्षा करू नये. कराराचा मसुदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोरून ती वर्षं अजून हललेली नव्हती.

युरोपात ही फट २००३ पासून बुजत गेली. ‘युरोडॅक’ नावाच्या सामायिक नोंदवहीत आश्रय मागणाऱ्याच्या बोटांचे ठसे जातात. डब्लिन नियमानुसार बहुधा ज्या देशात तो पहिल्यांदा शिरला त्या देशानंच त्याचा अर्ज तपासायचा. ग्रीसच्या किनाऱ्यावर उतरलेला अफगाण तरुण पुढे जर्मनीत जाऊन कितीही नावं सांगो, त्याचं बोट खरं काय ते सांगून टाकतं. फ्रान्समध्ये कॅलेच्या आसपास राहणाऱ्या काही मुलांनी तापलेल्या लोखंडावर बोटांची टोकं भाजून घेतल्याचं पत्रकारांनी आणि स्वयंसेवकांनी नोंदवून ठेवलं आहे. सेगर्सच्या निवेदकाला नाव बदलण्यासाठी गैरसमजात गप्प बसणं पुरलं होतं.

या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी अब्दुलरझाक गुर्ना यांची २००१ मधली ‘बाय द सी’ ही कादंबरी उभी आहे. झांझिबारचा म्हातारा सालेह ओमर लंडनच्या गॅटविक विमानतळावर उतरतो तो दुसऱ्याच्या नावाचा पासपोर्ट घेऊन. ज्याचं नाव उचललंय त्या कुटुंबाशी त्याचं जुनं, कडवट वैर आहे. इंग्रजी येत असून तो येत नसल्यासारखा गप्प राहतो, कारण तिकीट विकणाऱ्यानं तसा सल्ला दिलेला असतो. अधिकारी त्याच्या सामानातली उदाची पेटी तेवढी काढून घेतो. सेगर्सकडे नावाची अदलाबदल अपघातानं होते. गुर्नांकडे त्या अदलाबदलीला एक जुना हिशेब आहे, आणि निम्मी कादंबरी तो हिशेब उलगडण्यात जाते. २०२१ मध्ये गुर्नांना नोबेल मिळालं तेव्हा सगळीकडे वसाहतवादाची चर्चा झाली. त्यांच्यातला हा खोडकर, माणसाच्या लबाडीवर माया करणारा कथाकार तिच्यात बराचसा झाकला गेला.

लबाडीचा मुद्दा मी मुद्दाम काढतोय. कादंबरीतला निर्वासित खोटं बोलू शकतो, प्रेमात आप्पलपोटा होऊ शकतो, सांगता सांगता विसरू शकतो. आपण त्याचं सगळं मान्य करतो, उलट त्यामुळेच तो माणूस वाटतो. आश्रयाच्या अर्जावरची मुलाखत बरोबर उलट्या नियमानं चालते. कागदपत्रं घेऊन पळणं बहुतेकांना जमत नाही, म्हणून अर्जदाराची गोष्ट हाच मुख्य पुरावा. ती गोष्ट पहिल्या मुलाखतीत आणि काही महिन्यांनंतरच्या दुसऱ्या मुलाखतीत जुळली पाहिजे. मोटार निळी होती की हिरवी, दारात दोघं आले की तिघं, यात फरक पडला तर अर्जदार विश्वासार्ह नाही असा शेरा बसू शकतो. २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक अभ्यास आला. कोसोवो आणि बोस्नियातून आलेल्या, ब्रिटननं आधीच ठेवून घेतलेल्या, म्हणजे खोटं बोलण्याचं काही कारण नसलेल्या लोकांना तीच घटना काही काळाच्या अंतरानं दोनदा विचारण्यात आली. तपशिलांत तफावत सर्रास निघाली, त्यातही कडेच्या तपशिलांत जास्त. मानसिक आघाताची लक्षणं तीव्र असलेल्यांच्या बाबतीत मुलाखतींमधलं अंतर वाढलं की तफावतही वाढलेली दिसली. आघात सोसलेल्या माणसाची आठवण अशीच चालते हे कादंबरीकारांना केव्हाचं माहीत होतं. ‘ट्रान्झिट’चा निवेदक कॅफेत समोर बसलेल्या अनोळखी माणसाला आपली गोष्ट सांगतो, मागे-पुढे होत, फाटे फोडत. याच रीतीनं आज त्याला एखाद्या देशात अर्ज करावा लागता तर त्याचं काय झालं असतं, हा प्रश्न मला या संग्रहातल्या निर्वासितांच्या साक्षी वाचताना पुन्हा पुन्हा पडला. तिथे प्रत्येक बोलणारा आधी कधीतरी एका टेबलासमोर बोललेला आहे, आणि ते त्याच्या वाक्यांना चिकटून राहिलंय. तारखा फार अचूक येतात. स्वतःची चूक कुणी सांगत नाही. हास्य तर जवळपास नाहीच.

घसान कनफानीची ‘रिजाल फिश्शम्स’ (उन्हातली माणसं) १९६३ ची. शंभर पानांच्या आत संपणारी ही कादंबरी या संग्रहातल्या सर्वाधिक लेखांना कुठे ना कुठे स्पर्श करते, आणि ते योग्यच आहे. कनफानीचा जन्म १९३६ चा, वाढला अक्का आणि याफा या पॅलेस्टाइनमधल्या गावांत; १९४८ मध्ये घरादारासह परागंदा, मग दमास्कस, कुवेत, बैरुत. त्याच्या गोष्टीत तीन वयांचे तीन पॅलेस्टिनी बसऱ्यात भेटतात. तिघांनाही कामासाठी कुवेतला पोचायचंय, कागद कुणाकडे नाहीत. टँकरचा ड्रायव्हर त्यांना न्यायला तयार होतो. वाळवंटात ते बाहेर बसतील, चौकी आली की पाण्याच्या रिकाम्या टाकीत उतरतील, काही मिनिटांत पलीकडे. महिना ऑगस्ट. पहिल्या चौकीवर जमतं. दुसऱ्या चौकीवरचे कारकून बसऱ्याच्या एका नाचणारीवरून ड्रायव्हरची थट्टा करत बसतात आणि कागदावर सही करायला उशीर लावतात. तेवढ्यात टाकीत तिघेही मरतात. रात्री ड्रायव्हर प्रेतं कचऱ्याच्या ढिगाशी टाकतो, त्यांच्या खिशातले पैसे आणि घड्याळ काढून घेतो, आणि मग त्याच्या तोंडून प्रश्न बाहेर पडतो: यांनी टाकीची भिंत ठोठावली का नाही?

अरब जगात या प्रश्नावर पिढ्यांनी वाद घातले. कनफानीला बोल पॅलेस्टिनींनाच लावायचा होता असं पुष्कळांचं वाचन आहे: गप्प राहून मेलात. तौफीक सालेहनं १९७२ मध्ये यावर ‘अल्-मखदूऊन’ हा चित्रपट काढला तेव्हा शेवट बदलला. चित्रपटात माणसं आतून भिंत ठोठावतात, पण चौकीतल्या वातानुकूलन यंत्राच्या घरघरीत ते ऐकू जात नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये बैरुतमध्ये मोटारीतल्या बॉम्बस्फोटात कनफानी मारला गेला; सोबत त्याची कोवळ्या वयाची भाची होती.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियात पार्नडॉर्फ गावाजवळ महामार्गाच्या कडेला मांस वाहून नेणारा एक शीतट्रक उभा सापडला. आत ७१ प्रेतं होती. इराक, सीरिया, अफगाणिस्तान, इराणची माणसं, त्यांत चार लहान मुलं. हंगेरीतल्या खटल्यात जे पुढे आलं त्यानं कनफानीच्या प्रश्नाला उत्तर देऊन टाकलं. त्यांनी ठोठावलं होतं, ओरडलेही होते. ड्रायव्हरला ते ऐकू येत होतं, त्यानं फोन करून विचारलंही, आणि थांबायचं नाही असा त्याला हुकूम मिळाला. हंगेरीच्या पोलिसांनी टोळीचे फोन टॅप केलेले होते. संभाषणं नोंदली गेली, पण वेळेत कुणी ऐकली नाहीत. कादंबरीतली टाकी, चित्रपटातली टाकी आणि हा ट्रक शेजारी ठेवले की साहित्य भविष्य सांगतं वगैरे म्हणण्याचा मोह होतो. मला तसं वाटत नाही. १९६३ मध्ये कनफानीला मरणाऱ्यांच्या मौनाचा जाब विचारणं शक्य होतं, कारण ऐकणारे असतील तर ऐकतील हे त्यानं गृहीत धरलं होतं. आजच्या वाचकाला तो प्रश्न त्याच सुरात वाचता येत नाही, एवढा फरक निश्चित पडला आहे.

जॉन स्टाइनबेकविषयी थोडक्यात. ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ (१९३९) इथे कशाला, असं कुणी विचारेल. ओक्लाहोमाचं जोड कुटुंब दुष्काळ, धुळीची वादळं आणि बँकांच्या ट्रॅक्टरांपुढे हरून कॅलिफोर्नियाला निघतं, म्हणजे आपल्याच देशात. कायद्याच्या भाषेत ते निर्वासित नाहीत. १९५१ च्या करारानुसार निर्वासित होण्यासाठी वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी कशामुळे तरी छळाची सार्थ भीती आणि ओलांडलेली देशाची सीमा, दोन्ही लागतात. भुकेचा त्यात समावेश नाही. तरीही १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसप्रमुखानं शंभराहून जास्त शिपाई थेट राज्याच्या सीमेवर नेऊन बसवले आणि अमेरिकेच्या नागरिकांना अमेरिकेतच अडवलं. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या आकड्यांप्रमाणे २०२४ अखेर जगात सुमारे १२ कोटी ३२ लाख माणसं बळानं हुसकलेली होती, आणि त्यांतली निम्म्याहून बरीच अधिक स्वतःच्याच देशात. म्हणजे जोड कुटुंब आज बहुसंख्येत आहे. धरणग्रस्तांवरची विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ वाचलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं सांगायला नको.

संग्रहाबद्दल माझी एक तक्रार संपादकांना सांगून झाली आहे, वाचकांनाही सांगतो. फाळणीवर इथे पुरेसं नाही. मंटोची ‘टोबा टेक सिंह’ आहे, त्यावर चांगला लेख आहे. पण फाळणीची कथा म्हटली की पंजाब, ही आपली सवय इथेही सुटलेली नाही. सिंधी हिंदूंची फाळणी पंजाबसारखी एका रक्तरंजित उन्हाळ्यात उरकली नाही. ते बऱ्याच संख्येनं कराचीहून बोटींनी मुंबईत उतरले आणि कल्याणजवळच्या लष्करी बराकींत राहिले. १९४९ मध्ये त्या वसाहतीचं उल्हासनगर झालं. तिथे पत्ता विचारला तर आजही कॅम्प एक, कॅम्प चार असंच उत्तर मिळतं.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचं उदाहरण तर या संग्रहासाठीच घडल्यासारखं आहे. स्टालिननं १९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडमधून सायबेरिया आणि कझाकस्तानकडे हाकलेल्या पोलिश कुटुंबांपैकी काही इराणमार्गे हिंदुस्थानात पोचली. त्यांच्यासाठी वळिवड्याला छावणी उभी राहिली. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसं तिथे राहिली, त्यांत बायका आणि मुलंच अधिक. शाळा होत्या, चर्च होतं. ते गेले आणि त्याच जागी सिंधमधून आलेली कुटुंबं वसवली गेली. तेच आजचं गांधीनगर, जिथे अर्धा पश्चिम महाराष्ट्र होलसेल कापड घ्यायला जातो. एकाच जमिनीच्या तुकड्यानं इतक्या थोड्या अवधीत दोन खंडांतल्या दोन फाळण्यांची माणसं पाहिली. भारतानं १९५१ च्या करारावर सही केलेली नाही हे जितकं खरं, तितकंच हेही आपल्या हद्दीत घडलेलं आहे, आणि दोन्ही एकत्र धरून विचार करणं अवघड जातं म्हणून आपण सोयीनं एकेक उचलतो.

आता थांबण्याविषयी. सेगर्सची माणसं महिनोन् महिने थांबतात आणि ते त्यांना असह्य होतं. केनियातल्या दादाबच्या छावण्या १९९१ च्या सुमारास उभ्या राहिल्या. तिथे जन्मलेल्यांना तिथेच मुलं झाली. बांगलादेशातल्या कॉक्स बझारमध्ये २०१७ च्या ऑगस्टनंतर काही महिन्यांत म्यानमारमधून सात लाखांवर रोहिंग्या आले, आणि तेव्हा कडेवर आलेलं पोर आता शाळेच्या वयात आहे. जगातल्या दर चार निर्वासितांपैकी साधारण तिघे श्रीमंत देशांत नाहीत, गरीब किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांत आहेत. कादंबरीला हे थांबणं पेलत नाही. तिला जहाज सुटायला हवं किंवा बुडायला तरी हवं. मोहसीन हमीदनं ‘एक्झिट वेस्ट’मध्ये (२०१७) प्रवासच काढून टाकला: जादूच्या दारातून एका देशातून दुसऱ्यात. युक्ती चलाख आहे, पण वाटेचा आणि वाट पाहण्याचा काळ तिनं गाळला, आणि आजच्या निर्वासिताच्या आयुष्यात त्याखेरीज फारसं काही उरलेलं नाही.

तो काळ लिहिला बेहरूझ बूचानीनं. इराणमधला हा कुर्द पत्रकार २०१३ मध्ये बोटीनं ऑस्ट्रेलियाकडे निघाला आणि पापुआ न्यू गिनीच्या मानुस बेटावर कोंडला गेला. ऑस्ट्रेलियानं आपली सीमा उचलून दुसऱ्या देशाच्या बेटावर नेऊन ठेवली होती. फारसीत लिहिलेलं त्याचं पुस्तक व्हॉट्सअ‍ॅपवरच्या संदेशांतून तुकड्यातुकड्यानं बाहेर गेलं, ओमिद तोफिघियान यांनी इंग्रजीत आणलं आणि २०१८ मध्ये ‘नो फ्रेंड बट द माउंटन्स’ या नावानं निघालं. २०१९ मध्ये त्याला व्हिक्टोरिया राज्याचा मोठा साहित्य पुरस्कार मिळाला. एरवी हा पुरस्कार ऑस्ट्रेलियाचे नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यापुरता होता. बूचानीसाठी ती अट बाजूला ठेवावी लागली. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा तो मानुसवरच होता. त्याचं पुस्तक आत्मकथन म्हणून विकलं जातं, पण त्यात कविता घुसते, सोबत्यांना टोपणनावं देऊन पात्रं केलेली आहेत, आणि काही माणसं चक्क वाईट वागतात. मुलाखतीच्या टेबलाला न घाबरता लिहिलेलं आजचं असं पुस्तक मला तरी दुसरं सहजी आठवत नाही.

संग्रहातले लेख क्रमानं वाचायलाच हवेत असं नाही. कनफानीवरचा लेख मात्र कादंबरी वाचल्याशिवाय उघडू नये. ती एका बैठकीत वाचून होते. सेगर्सला सावकाश घ्यावं, कारण तिच्याकडे कोणत्या व्हिशाची मुदत कधी संपते याचा हिशेब ठेवता ठेवता वाचकच चुकतो आणि ती मजा सारांशात राहत नाही. साक्षींचा भाग शेवटी छापला आहे. मी तो आधी वाचला, मग कादंबऱ्यांकडे वळलो, आणि ज्यांना स्टाइनबेक किंवा मंटो शाळा-कॉलेजात एकदा वाचून झालेत त्यांनी तसंच करून पाहावं.